छात्राध्यापक तुमच्या वर्गात येतो तेव्हा : विज्ञान-गणिताच्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि छात्राध्यापकांचं, म्हणजे तो अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांचं, शाळेतलं येणं-जाणं बदललं. पूर्वी ते सराव पाठांपुरते यायचे, पाठ काढायचे, वहीवर सही घेऊन जायचे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीनुसार आता दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे म्हणजे जवळपास एक सत्रच. एवढा काळ तो माणूस ज्याच्या हाताखाली असतो, त्याच्याकडून तो शिक्षकी शिकतो, महाविद्यालयाच्या टिपणांतून नाही.

आणि हा 'ज्याच्या हाताखाली' म्हणजे तुम्ही. शाळेतले गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक. या कामाचं प्रशिक्षण सहसा कुणी देत नाही, मानधन बहुतेक ठिकाणी नसतं, तासिकाही कमी होत नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय अभियानाची तरतूद आहे, पण सोमवारी सकाळी मुख्याध्यापक 'या दोघी तुमच्याकडे' म्हणून दोन जणींना स्टाफरूममध्ये आणून उभ्या करतात, तेव्हा धोरण कामाला येत नाही.

मला सांगायचं आहे ते एका वाक्यात असं : छात्राध्यापकाकडे कमी बघा, मुलांकडे जास्त बघा, आणि त्यालाही तीच सवय लावा. फळ्यावरचं अक्षर, आवाजाची फेक, वर्गात फिरणं हे दोन-तीन वर्षांत बहुतेकांचं आपोआप सुधारतं. मुलाचं चुकलेलं उत्तर ऐकून 'हे असं का आलं असेल?' हा प्रश्न पडणं मात्र आपोआप येत नाही. वीस-वीस वर्षं शिकवूनही तो न पडणारे शिक्षक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

येण्याआधी करायच्या गोष्टी

छात्राध्यापक शाळेत आला की सगळ्यात आधी पर्यवेक्षकांच्या डोळ्यांसमोर बदली तास येतात. कुणी रजेवर गेलं की पाठव त्याला सातवी क-वर. आठवड्याला एखाद-दुसरा बदली तास ठीक आहे, त्यातूनही तो काही शिकेल. पण रोजचे तीन व्हायला लागले तर तुमचं मार्गदर्शन संपलं. म्हणून तो यायच्या आधीच मुख्याध्यापकांशी बोलून आकडा ठरवून घ्या. नंतर भांडण्यापेक्षा हे सोपं जातं.

इयत्ता सहावी ते आठवीतली द्या. दहावी देऊ नका. दहावीच्या वर्गात पालक, शिकवणीवाले आणि तुम्ही स्वतः इतके घाईत असता की नवख्याला चुकायला जागाच राहत नाही. शक्य असेल तर एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आणि सलग एक पूर्ण प्रकरण द्या. आज पाचवीवर अपूर्णांक, उद्या आठवीवर धातू-अधातू, परवा सहावीवर कोन, असे सुटे पाठ देऊन माणूस पाठ 'सादर' करायला शिकतो. कालच्या पाठातून मुलांच्या डोक्यात काय उरलं, हे त्याला कधीच कळत नाही.

कॅलेंडर समोर ठेवा. गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन वजा करून शिकवायला खरोखर किती दिवस उरतात ते मोजा. प्रकरणाची निवड त्यावरून.

महाविद्यालयाच्या अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकांना एक फोन करा. त्यांना टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, कोणत्या नमुन्यात हवंय, किती पाठ हवेत, ते स्वतः निरीक्षणाला कधी येणार, हे विचारा. एक मागणीही करून ठेवा : पहिले काही पाठ सविस्तर टाचणाचे झाल्यावर पुढच्यांना एक पानी टाचण चालेल का? रात्री अकरापर्यंत रंगीत पेनांनी टाचण सजवणारी मुलगी सकाळी वर्गात थकलेलीच येते.

वर्गाशी ओळख करून देताना 'या शिकायला आल्या आहेत' म्हणू नका. मुलं तेवढ्यावर पुढचे चार महिने काढतात. 'या सत्रात विज्ञान या मॅडम आणि मी मिळून शिकवणार आहोत' एवढं पुरे. मुलांसमोर त्यांना मॅडम किंवा सरच म्हणा, 'अहो-जाहो' करा, मग त्या तुमच्या मुलीच्या वयाच्या का असेनात. स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली पहिल्याच दिवशी मिळाली पाहिजे. किल्लीचं विशेष लक्षात ठेवा. ज्याला कपाट उघडता येत नाही तो प्रयोग तोंडीच शिकवतो.

पहिला आठवडा : बघण्याचं काम

'मागे बसून माझे पाठ बघा' असं सांगितलं की छात्राध्यापक मागच्या बाकावर बसून टाचण लिहितो, नाहीतर मोबाइल बघतो. त्याला दोष देऊ नका, काय बघायचं ते आपण सांगितलेलं नसतं.

पहिल्या दिवशी त्याला तीन मुलं वाटून द्या, शक्यतो मागच्या बाकांवरची. पूर्ण तासभर त्या तिघांनी काय लिहिलं, काय खोडलं, शेजारच्याचं कधी बघितलं, तेवढंच टिपायचं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाकांचा नकाशा काढायला सांगा आणि तुमच्या प्रश्नाला ज्या बाकावरून उत्तर येईल तिथे खूण करायला सांगा. तास संपल्यावर तो कागद बघितलात की उत्तरं पुढच्या आणि मधल्या रांगेतल्या ठरावीक सात-आठ मुलांकडूनच आलेली दिसण्याची शक्यता दाट आहे. हा कागद दोघांनी मिळून बघा. तुमच्या शिकवण्यातली उणीव त्याच्यासमोर आली तर बिघडत काही नाही. उलट पुढे त्याच्या पाठावर बोलताना त्याला ते कमी झोंबेल.

तिसऱ्या दिवशी वह्या. एका उदाहरणाच्या चाळीसेक वह्या त्याच्यासमोर ठेवा आणि बरोबर-चूक न करता गठ्ठे करायला सांगा, एकसारखा विचार केलेल्या वह्यांचा एक गठ्ठा. यात बराच वेळ जातो, आणि तो पहिल्या आठवड्यातला सगळ्यात कारणी लागलेला वेळ असतो.

तुमच्या स्वतःच्या पाठानंतर पाच मिनिटं मोठ्यानं विचार करा. 'तिसरं उदाहरण मी गाळलं, कारण दुसऱ्यातच अर्धा वर्ग अडकलेला दिसत होता.' 'त्या मुलाला मुद्दाम फळ्याशी बोलावलं, त्याचं उत्तर चूक होतं पण रीत बघण्यासारखी होती.' अनुभवी शिक्षक असे कितीतरी निर्णय एका तासात घेतो आणि ते बाहेरून दिसत नाहीत. नवख्याला फक्त तुम्ही बोलत होता आणि मुलं ऐकत होती एवढंच दिसतं.

टाचणाच्या आधी सरावसंच

प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. या साच्याला माझा विरोध नाही. नवशिक्याला धरायला कठडा लागतो. पण प्रस्तावनेचे प्रश्न घुमवत घुमवत मुलांच्या तोंडून 'अपूर्णांक' हा शब्द काढून घ्यायचा आणि मग 'तर आज आपण अपूर्णांक शिकणार आहोत' म्हणत फळ्यावर शीर्षक लिहायचं, यात सात मिनिटं घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास असतो, त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि मुलं स्थिरावण्यात जातात.

टाचण लिहायला घेण्यापूर्वी दोन कामं करायला लावा. एक, पुस्तकातला त्या घटकाचा सगळा सरावसंच स्वतः सोडवायचा, मार्गदर्शिका न बघता. गणितात पदवी असलेले लोकही हे टाळतात आणि मग वर्गात पाचव्या उदाहरणाशी अडतात. दोन, त्या घटकावरच्या मुख्य प्रश्नाची मुलांकडून येऊ शकणारी तीन चुकीची उत्तरं लिहायची, आणि प्रत्येकापुढे मुलाचा त्यामागचा विचार.

दुसरं काम नीट समजावं म्हणून दशांश अपूर्णांकांचंच बघू. प्रश्न : ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात. ३५ हे ४पेक्षा मोठे, म्हणून. पूर्ण संख्यांची सवय तशीच पुढे आलेली असते. छात्राध्यापकाला ही चूक बहुधा सुचते. पण ०.४ म्हणणाऱ्या, म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांत दोन प्रकार असतात. एकाला शतांश-दशांश खरोखर कळलेले असतात. दुसऱ्याचा हिशोब असा : दशांश शतांशापेक्षा मोठा, म्हणून दशांशचिन्हानंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. त्यालाही इथे पूर्ण गुण मिळतात. त्याला ओळखायचं तर ०.४ आणि ०.७३ ही जोडी द्यावी लागते. तो इथेही ०.४च मोठी म्हणेल. आणखी एक मंडळी रुपये-पैशांवरून येतात. साडेचार रुपये ४.५ असे लिहिले की ती ते 'चार रुपये पाच पैसे' वाचतात. दुकानात हिशोब पक्का असलेली हुशार पोरं ही चूक करतात, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता टाचण काय बदललं ते बघा. फळ्यावरच्या उदाहरणांत ०.३५ आणि ०.४ ही एकच जोडी राहिली नाही, दोन जोड्या आल्या, आणि दुसरी मुद्दाम निवडलेली. 'मोठी कोणती?' याच्या पाठोपाठ 'कशावरून?' आला. पैशांचं उदाहरण द्यायचं की टाळायचं याचा विचार झाला. छात्राध्यापकाला हे एकदा एका घटकावर जमलं की पुढच्या घटकाच्या वेळी तो आपणहून विचारायला येतो, 'सर, समीकरणात मुलं काय चुकतील?' तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. मागच्या वर्षीचे तपासलेले पेपर त्याच्या हाती द्या.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात मांडलं की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याचं सर्वसाधारण कौशल्य वेगळं, आणि अमुक विषय अमुक मुलांपर्यंत कसा न्यायचा हे ज्ञान आणखी वेगळं. वरचं सगळं या तिसऱ्यात मोडतं, आणि ते शाळेबाहेर मिळत नाही.

प्रयोग आधी स्वतः करून बघणं

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग प्रत्येकाने शाळेत कधीतरी बघितलेला असतो, म्हणून छात्राध्यापक तो गृहीत धरतात. तासाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवा आणि पहिल्या वेळी मदत करू नका.

बहुतेक जण कांद्याचा जाड पदरच कापून ठेवतात आणि खाली नुसता अंधार दिसतो. आतला जाड रसरशीत पदर घेऊन तो मोडायचा, म्हणजे आतल्या खोलगट बाजूचा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. नखाएवढा तुकडा पुरतो. तो काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात न मुडपता पसरायचा, आयोडीनचा किंवा सॅफ्रानिनचा एक थेंब टाकायचा, आच्छादन काच सुईच्या आधाराने एका कडेकडून तिरकी खाली आणायची, जादा द्रव टिपकागदाने शोषून घ्यायचा. काच सपाट टाकली की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, आणि इथेच खरी गंमत होते. जाड काळ्या कडेचे गोल गोल बुडबुडे बघून मुलं आनंदाने 'पेशी दिसल्या!' म्हणतात, आणि छात्राध्यापकही हो म्हणतो. कांद्याच्या पेशी विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटलेल्या आणि बारीक रेषांच्या असतात. अगदी गोल आणि काळ्या काठाचं जे दिसतं ती हवा. हा फरक त्याने स्वतः आधी बघितलेला असायलाच हवा. एक बुडबुडा मुद्दाम राहू द्यावा आणि मुलांना 'यातलं पेशी कोणतं आणि कशावरून?' विचारावं, असंही मी सुचवेन.

मग हिशोब. वर्गात ६० मुलं, चालू अवस्थेतला सूक्ष्मदर्शक एक. प्रत्येकाला अर्धा मिनिट दिलं तरी ३० मिनिटं. म्हणजे एका तासात हे बसत नाही. म्हणून गट : एक गट सूक्ष्मदर्शकाशी, बाकीचे पापुद्रा काढायला, आणि उरलेला भाग पुढच्या तासाला. आकृती पुस्तक मिटून काढायची. पुस्तक उघडं असलं की मुलं डोळ्याला काय दिसलं ते न काढता छापलेलं चित्र उतरवतात, आणि आपण त्यालाच गुण देतो. एखादं मूल हमखास विचारेल, 'यात हरितलवक का दिसत नाही?' कांदा जमिनीखाली वाढतो, त्याच्या या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. प्रश्न सुंदर आहे. उत्तर तयार असलेलं बरं.

सुरक्षेबद्दल तडजोड नको. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवायचा, थेट सूर्याकडे कधीही नाही. सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. पेटत्या स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट भरायचं नाही. बऱ्याच महाविद्यालयांचा गणवेश साडीचा असतो. प्रयोगाच्या दिवशी पदर पिन लावून खोचलेला, केस बांधलेले, ओढणी असेल तर मागे गाठ मारलेली. हे सांगताना संकोच करू नका.

विषयच कच्चा असेल तर

असतोच. वनस्पतिशास्त्राची पदवीधर मुलगी विद्युतधारा शिकवते, रसायनशास्त्रवाला प्रकाशाचं परावर्तन. लहान शाळेत गणित आणि विज्ञान दोन्ही एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतात. डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला) आलेल्या कित्येकांनी दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं, आणि त्यांना गणिताची साधी नावड नसते तर सरळ भीती असते.

परीक्षा घेऊ नका. आठवड्यातून एक ऑफ तास 'कोड्यांचा' ठेवा, ज्यात तुम्हीही सामील. झाडाचं लाकूड मुख्यतः कशापासून बनतं? माती, असं पटकन उत्तर येतं. खरं तर त्यातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. उन्हाळा का होतो? पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून, असं विज्ञानाचे पदवीधरही सांगतात. मग सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, आपण स्वेटर घालतो तेव्हा. ऋण गुणिले ऋण धन का? नियम सगळ्यांना पाठ. 'का'ला उत्तर शोधताना दोघांचीही कसोटी लागते. एक बॅटरी, एक बल्ब, वायरचा एकच तुकडा देऊन बल्ब पेटवायला सांगा. वर्षानुवर्षं मंडलाची आकृती काढलेली माणसं थबकतात, कारण बल्बला जोडणीच्या दोन जागा असतात हे त्यांनी कधी हातात धरून बघितलेलं नसतं.

या तासाचं साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं १९७४पासूनचं काम याच प्रश्नांवर आहे. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही सापडतात. पुण्या-मुंबईबाहेरच्या शाळेला त्यांचा उपयोग जास्त, कारण काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि स्ट्रॉ कुठेही मिळतात.

सेमी-इंग्रजी शाळेत आणखी एक अडचण येते. छात्राध्यापक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेला, पुस्तक इंग्रजीत, मुलं बोलतात मराठीत. अशा वेळी तो पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवायला लागतो. त्याला मोकळीक द्या : चर्चा मराठीत, संज्ञा पुस्तकातली, फळ्यावर दोन्ही.

पाठ चालू असताना

वहीच्या पानाची मधोमध घडी घाला. डावीकडे वेळ आणि मुलांनी बोललेलं, लिहिलेलं, शब्दशः. उजवीकडे तुमचे प्रश्न. छात्राध्यापक काय करतोय यासाठी या पानावर रकानाच नाही. सुरुवातीला हात अडखळतो, कारण आपली सवय 'आवाज कमी', 'फलकलेखन सुधारावे' लिहायची आहे. तसे शेरे आपण सगळ्यांनी आपल्या सराव पाठांच्या वह्यांत गोळा केलेत. कुणाला त्याचा काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

मध्ये बोलायचं की नाही? धोका असेल तर ताबडतोब, कुणाला काय वाटेल याचा विचार न करता. वर्गावर ताबा सुटत असेल तर नाही, थोडा गोंधळ त्याचा त्याने निस्तरला पाहिजे. आशय चुकत असेल तर अवघड असतं. फळ्यावर चुकीचं सूत्र राहिलं आणि चाळीस वह्यांत उतरलं तर नंतर निस्तरताना दोन तास जातात. अशा वेळी मागून हात वर करा, मुलांसारखाच, आणि म्हणा, 'मॅडम, ते एकदा दोन आणि तीन घालून तपासून बघायचं का?' (अ + ब)² = अ² + ब² असं झालं असेल तर २ आणि ३ घातल्यावर एकीकडे २५, दुसरीकडे १३ येतात. मुलांसमोर तिची चूक 'दाखवली' असं होत नाही, वर्गात तपासणी झाली असं होतं.

पाठानंतरची पंधरा मिनिटं

त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसावर ढकलली की ती होत नाहीत. आणि 'कसा वाटला पाठ?' या प्रश्नाने सुरुवात करू नका, त्यावर 'बरा झाला' किंवा 'मुलं दंगा करत होती' एवढंच येतं. वही पुढे करा.

'मॅडम, ही तिसऱ्या बाकावरची वही बघा. ०.३५ आणि ०.४मध्ये ०.४ मोठी.'
'हो सर, तिला मी विचारलं होतं. बरोबर सांगितलं तिने.'
'खालचं बघा.'
'०.४ आणि ०.७३... अरेच्चा, इथेपण ०.४?'
'तिने बरोबर सांगितलं तेव्हा तुम्ही पुढे काय विचारलंत?'
'काही नाही. छान म्हटलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.'
'उद्या तिला काय द्याल?'
'पट्ट्या काढायला सांगेन. ०.४ची एक, ०.७३ची एक, रंगवून.'
'तिने दोन पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या काढल्या तर?'
'...मग छापील देते. दहा बाय दहाचे चौकोन, दोन्हीला सारखेच.'

इतकंच. दोन मिनिटांचं बोलणं, एक मूल, एक वही, आणि उद्याच्या तासाला करायची एक गोष्ट. त्या दिवशी फलकलेखन वाकडं होतं आणि संकलनाला वेळ उरला नाही हे तुम्हाला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तेही सांगायला लागलात तर चौकोनांचं ती विसरून जाईल. एका पाठाला एक मुद्दा, जास्तीत जास्त दोन.

बोलताना तुमच्या वाक्यांपेक्षा तिची वाक्यं जास्त होतायत का, इकडे लक्ष ठेवा. आपल्या पेशाची खोड अशी की समोर कुणी गप्प बसलं की आपण शिकवायला लागतो.

'अ'ला शिकवलेला पाठ 'ब'ला

दोन तुकड्या मागून घ्यायला सांगितल्या त्या यासाठी. सोमवारी 'अ'ला घेतलेला पाठ, दुपारची ती चर्चा, आणि मंगळवारी तोच पाठ बदलून 'ब'ला. एवढ्या लवकर सुधारायची संधी शिक्षकाला पुढे क्वचितच मिळते. एरवी चुकलेला पाठ सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण घेतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात आणि नंतर पाठ दुरुस्त करतात. ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं चालत आलेली आहे. आपल्याकडे पूर्ण शाळेने ते करणं अवघड आहे, पण एक शिक्षक, दोन छात्राध्यापक आणि दोन तुकड्या एवढ्यावर त्याची छोटी आवृत्ती होते. दोन छात्राध्यापक असतील तर दुसऱ्याला निरीक्षणाचं घडीचं पान द्या. निदान एकदा तुम्ही 'अ'ला घ्या आणि त्यांना तुमचं पान भरू द्या.

एकच तुकडी असलेल्या शाळेत हे जमत नाही. तिथे पाठाचा मधला दहा मिनिटांचा भाग मधल्या सुट्टीनंतर सहा-सात मुलांच्या गटासोबत पुन्हा घ्यायला लावा.

गुण, सह्या आणि अवघड माणसं

काही जण नाइलाजाने आलेले असतात. दुसरं काही जमलं नाही म्हणून बी.एड. अशांना उपदेश करू नका. वह्यांचे गठ्ठे आणि बुडबुड्यांचा प्रयोग यांतून एखाद्याला रस वाटू लागतो, एखाद्याला नाही वाटत. काही जण चाळीस किलोमीटरवरून एसटीने येतात, पहिल्या तासाला उशीर होतो. त्यांना दुसऱ्या तासापासून पाठ द्या, विषय संपला. आणि काही जण येतच नाहीत, फक्त शेवटच्या आठवड्यात वही घेऊन सहीला येतात. सही करू नका. 'एवढ्याने कुणाचं काय बिघडतं' असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतील. बिघडतं ते पाच वर्षांनी कुठल्यातरी सातवीच्या वर्गाचं, आणि तो वर्ग तक्रार करायला येणार नाही.

महाविद्यालयाच्या मूल्यमापन तक्त्यावर सगळ्यांना सारखेच भरघोस गुण देण्याची पद्धत आहे. ती एकट्याने मोडता येत नाही. पण तक्त्यासोबत अर्धं पान लिहून देता येतं : सुरुवातीला हे जमत नव्हतं, आता जमतं, हे अजून जमत नाही, आणि प्रत्येकासाठी एक उदाहरण. त्याची प्रत छात्राध्यापकाला द्या. मुलाखतीत दाखवायला ते गुणांपेक्षा उपयोगी पडतं.

ते गेल्यानंतर

पुढची वाट लांब असते. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची वाट बघणं, आणि तोवर खासगी शाळेत किंवा तासिका तत्त्वावर काम. नियुक्ती मिळाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. २०२३मधल्या वाढीनंतर त्याचं मासिक मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. या काळात बरीच चांगली माणसं पेशा सोडतात. ज्यांना गणित-विज्ञान चांगलं येतं त्यांना शिकवणी वर्गांची दारं उघडी असतात, त्यामुळे तीच आधी जातात.

यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही. हातात आहे ते असं. तुमच्या कपाटातल्या चालणाऱ्या वस्तूंची यादी आणि दशांशांच्या त्या दोन जोड्यांसारखे, इतक्या वर्षांत जमवलेले प्रश्न त्याला देऊन टाका. नियुक्ती कुठे झाली ते कळलं की त्या केंद्रातला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातला, गणित-विज्ञानाचा कुणी ओळखीचा शिक्षक गाठून द्या. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, शिक्षण परिषदेला, ओळखीचा एक चेहरा असला तरी नवख्याला धीर येतो. दोन शिक्षकी शाळेवर रुजू झालेल्या मुलीला आधी राहायच्या खोलीची आणि एसटीच्या वेळांची माहिती लागते, अध्यापनशास्त्राची नंतर. ती विचारायला लाजते, म्हणून आपणच फोन करावा.

दुसरा फोन पहिल्या घटक चाचणीनंतर. 'कसं चाललंय?' विचारू नका. मुलांची नावं झाकून पाच उत्तरपत्रिकांच्या एकाच प्रश्नाचे फोटो पाठवायला सांगा, आणि त्या पाच उत्तरांवरच बोला.